परवडतं का हो?

मराठी माणसाच्या तोंडी काही प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहेत. "पाऊस कसा काय तुमच्याकडे?", "मुलीचं जमलं का?", "सध्या कुठे असता?" वगैरे. त्या सगळ्यांचा वडीलधारा म्हणजे "परवडतं का हो?" बाकीचे प्रश्न विचारणारा निदान उत्तरासाठी क्षणभर थांबतो. हा प्रश्न विचारणारा थांबत नाही, कारण उत्तर तो घरूनच घेऊन आलेला असतो. तुम्ही घरी लोणचं घाला, दारात म्हैस बांधा, मुलाला तबल्याच्या शिकवणीला पाठवा, हा प्रश्न येणारच. पण या प्रश्नाचं विश्वरूपदर्शन ज्याला घ्यायचं असेल त्याने एकच करावं. एक जुनी, गंजलेली मोटार आणून अंगणात उभी करावी, बाह्या सरसावाव्या आणि हातात पॉलिश पेपर घेऊन तिच्यापाशी बसावं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव येऊन तोच प्रश्न विचारून जातं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी सकाळी येतं.

गेली दोन वर्षं मी या प्रश्नाला तोंडी उत्तरं देतो आहे. आता लेखी देतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी हे वाचूनच यावं, म्हणजे चहा तरी वाचेल.

माझं गाव हिवरा आश्रम, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. १९६५ साली शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम काढला आणि गावाच्या नावाला आश्रम जोडला गेला. त्यामुळे आम्हा गावकऱ्यांकडून परगावचे लोक थोड्याफार विरक्तीची अपेक्षा करतात, आणि गाडीखाली उताणा पडलेला निवृत्त शिक्षक त्या अपेक्षेत बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या भागाला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमच्या आजोबांनी केली, वडिलांनी केली, आता आम्ही करतो. इतरांना वडिलोपार्जित शेती मिळते, आम्हांला वडिलोपार्जित मागणी मिळाली. ज्या मुलखात आगगाडीची शिट्टी ऐकू येत नाही, तिथे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल माणसाच्या मनात थोडा जास्त ओलावा असतो. मोटारीच्या बाबतीत हा ओलावा वाईट, हे मला मान्य आहे. त्यानेच तर गंज चढतो.

मोटार म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या मावसभावाने राहती जागा बदलताना "घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देतो" असा निरोप धाडला आणि ती टेम्पोत बसून आमच्याकडे आली. मोटारीने टेम्पोत बसून यावं हे काही तिला शोभलं नाही, पण म्हाताऱ्या माणसालाही आपण कधीकधी पाठुंगळी घेतोच की!

नव्या पिढीसाठी सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना घातला. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली आणि तिचंच पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' असं बारसं झालं. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर. पूर्वी ती घ्यायची तर नंबर लावावा लागे आणि तो लागायला वर्षं जात. ज्याचा फियाटचा नंबर लागला त्याच्याकडे लोक पेढे मागायला जात. आता त्याच फियाटीकडे बोट दाखवून लोक विचारतात, "हे काय आणून ठेवलंय?"

पाहणाऱ्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. अंगणात उतरवली तेव्हा तिची अवस्था बघण्यासारखी होती, म्हणजे आरपार बघण्यासारखी. वरून रंग बरा होता. मुंबईची गाडी ती, चारचौघांत उठण्याबसण्याची सवय! पण आतली मॅट उचलली तर खाली पत्राच नाही. पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवला. ड्रायव्हरच्या जागी बसल्यावर तो प्रत्यक्ष दिसला. दारांच्या तळाशी बोट टेकवलं की कुरकुरीत पापडासारखा तुकडा हातात येई. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचून साचून तिथे गाळणं झालं होतं.

गंज हा फार चोरटा प्राणी आहे. लोखंडाला पाणी आणि हवा, दोन्ही एकदम मिळाली की तो जन्मतो, आणि समुद्रकाठचं मीठ त्याला बाळसं आणतं. तो लोखंडापेक्षा जास्त जागा खातो म्हणून रंगाखाली फुगतो. आपल्याला बाहेर एवढासा फोड दिसतो तेव्हा आत त्याचं बिऱ्हाड थाटून झालेलं असतं. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात; ती धुळीने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी. म्हणजे गाडी नेहमी आतून बाहेर कुजते. माणसांच्या संस्थाही तशाच कुजतात, पण तो आजचा विषय नाही.

आता 'परवडतं का'वाल्यांचा युक्तिवाद ऐका. त्यांचे बिनीचे वकील म्हणजे आमचे जावई. गुणी माणूस. पुण्यात मोठ्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून फोन काढला आणि उभ्या उभ्या गणित मांडलं. पत्र्याचं काम इतकं, इंजिनाचं इतकं, रंग इतका, टायर, बॅटरी, रबरं, काचा. बेरीज झाली. मग म्हणाले, "बाबा, एवढ्यात चांगली सेकंडहँड गाडी येते. एसीसकट."

"आणि ही?"

"हिचं वजन नऊशे किलोच्या आसपास. भंगाराच्या भावाने—"

त्यांना पुढे बोलू न देता मी आत जाऊन सौभाग्यवतींच्या फडताळातला पितळी डबा आणला. त्यांच्या सासूच्या सासूचा. "याला कल्हई करायला किती पडतात आणि स्टीलचा नवा डबा कितीला येतो, तेवढा हिशेब करून द्या," म्हटलं. जावई हुशार. त्यांनी फोन खिशात घातला. डबा सासूबाईंचा होता.

पण माझा मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगलो ती दुरुस्तीवर. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा आणि नवसागराचा वास घरभर जायचा. जातं-पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई यायची. भांडं गळलं तर डाग देऊन आणायचं. लुगडी विरली की त्यांची गोधडी व्हायची आणि गोधडी विरली की तिला ठिगळ लागायचं; काही गोधड्यांत तर मूळ गोधडी शोधूनही सापडत नसे. यातलं काही आपण केवळ गरिबी होती म्हणून केलं का? गरिबी होतीच. पण त्याबरोबर एक अक्कल होती. वस्तू कशी बनली आहे, ती कुठे झिजते, तिला कुठे हात लावायचा, हे घरातल्या निदान एका माणसाला माहीत असायचं. आज माझ्या घरात सात यंत्रं आहेत. त्यातलं एकही उघडून आत काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि बिघडलं की येणारा पोरगाही ते न उघडताच सांगतो, "काका, नवीनच घ्या. परवडत नाही रिपेअर करणं."

म्हणजे पाहा, आता यंत्रंसुद्धा आमच्या जावयांच्या बाजूने बोलू लागली.

पद्मिनीचं तसं नाही. तिचं बॉनेट उचललं की सगळा संसार समोर मांडलेला असतो. हे कार्बोरेटर, हा डिस्ट्रिब्यूटर, हे पॉइंट, हा पंखा, हा पट्टा. प्रत्येक वस्तू कशाला आहे ते पाहून कळतं आणि खोलता येतं. वर्षानुवर्षं उभं राहून इंजिन जाम झालं होतं. आम्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि आठ दिवस तिला एकटं सोडलं. नवव्या दिवशी पान्याने पुली फिरवून पाहिली तर ती चिमूटभर सरकली. बास, चिमूटभरच. पण शेजारच्या पोरांनी असा काही कल्ला केला की गल्लीत कोणाचं तरी लग्न जमलं असं लोकांना वाटलं. जाम झालेल्या गोष्टीला घण घालण्याआधी आठ दिवस तेलात राहू द्यावं, हे मला एम.ए.ला कोणी शिकवलं नाही.

ते शिकवलं मिस्त्रींनी. मेहकरच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. साठीला आलेला माणूस. या लेखात खरं भांडण त्यांच्यासाठी आहे. गाडी पाहायला आले तेव्हा त्यांनी वरून एकदाही पाहिलं नाही, सरळ खाली झोपले. बाहेर येऊन म्हणाले, "सर, गाडीले वरून नाही पाहू. वरून सारेच चांगले दिसते."

"होईल का पण?"

"कायले नाही होत? पत्रा सडला, पन जिथं हाय तिथं जाड हाय. आताच्या गाडीले बोट लावलं का पोचा पडते."

मग सहा महिने दर रविवारी हे काम चाललं. सडलेला भाग कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचा. हा सगळ्यांत कठीण भाग. हात मागे येतो. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तसा नवा पत्रा कापायचा, हातोडीने गोलाई आणायची, गॅसने जोडायचा. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने उरलेला गंज खरवडायचा, फॉस्फोरिक अॅसिडचा हात द्यायचा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. मिस्त्री पत्र्याला गोलाई देत तेव्हा मोजपट्टी घेत नसत. तळहात फिरवत आणि "इथं उठलं हाय" म्हणत. मी तिथेच तळहात फिरवला तर मला काही कळेना. चौथ्या महिन्यात कळू लागलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा आनंद पगारवाढीने झाला नव्हता.

याच्या उलट एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात मी चौकशी केली होती. तिथे 'रिस्टोरेशन' नावाचा प्रकार करतात. आकडा ऐकून मी फोन खाली ठेवला, पण त्याआधी एक गोष्ट विचारून घेतली. "गंज कापता का?" तिकडून उत्तर आलं, "कशाला? वरून लांबी मारतो, काही कळत नाही." लांबी म्हणजे पेंटरची पुटिंग. गंजावर लांबी, लांबीवर रंग, रंगावर चकाकी. दोन पावसाळे गाडी नवरीसारखी दिसते. तिसऱ्या पावसाळ्यात सगळं एकदम बाहेर येतं. निवडणुकीआधीच्या रस्त्यांपासून ते गृहप्रवेशाच्या भिंतींपर्यंत आपल्या देशात हेच तंत्र यशस्वी झालेलं असल्यामुळे मी त्या गृहस्थाशी वाद घातला नाही.

फॉस्फोरिक अॅसिडवरून आठवलं. दिल्लीला तो प्रसिद्ध लोहस्तंभ आहे ना, सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा असूनही न सडलेला? त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर धरला गेला, असं धातुशास्त्रज्ञ सांगतात. आमचं अॅसिडही गंजलेल्या पत्र्यावर फॉस्फेटचाच थर धरवतं. म्हणजे गुप्तकाळातल्या लोहारांचं आणि आमच्या मिस्त्रींचं नातं अगदीच लांबचं नाही. गंमत पाहा. ज्या दिल्लीत सोळाशे वर्षांचं लोखंड आपण परदेशी पाहुण्यांना छाती फुगवून दाखवतो, त्याच दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ साली ती सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. लोखंडाने जगावं, पण चाकं न लावता जगावं, असा याचा अर्थ दिसतो.

दिल्लीची हवा वाईट आहे, हे मला ठाऊक आहे. तो मुद्दा मी टाळणार नाही. माझी पद्मिनी एका किलोमीटरला आजच्या नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडते. तिच्यात धूर गाळणारी नवी यंत्रणा नाही. तिला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत आणि अपघातात फुगणारी उशी नाही. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकरजवळून जातो, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि तिथे मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. मी पद्मिनीला तिकडे नेत नाही. साठाच्या पुढे गेली की ती स्वतःच्या सगळ्या अवयवांची ओळख करून देऊ लागते. ती मेहकरच्या बाजाराला जाते, कधी पाहुणे आले तर लोणारचं सरोवर दाखवून आणते. वर्षाकाठी आमचे जावई ऑफिसच्या वाऱ्या करत एका महिन्यात जेवढे फिरतात तेवढीही ती फिरत नाही. पीयूसी मी काढतो, कार्बोरेटर नीट लावतो, ब्रेकची रबरं वेळेवर बदलतो. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत तिला रस्त्यावरून खुशाल हाकला. मी टाळ्या वाजवीन. पण तिची परीक्षा ब्रेकची घ्या, धुराची घ्या, पत्र्याची घ्या. जन्मतारखेची कसली घेता?

नियम जन्मतारखेचीच घेतात. ऐका. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क ६०० रुपये होतं ते १ एप्रिल २०२२ पासून ५००० झालं. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० झालं. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे म्हातारपणी औषधं महाग व्हावी तशी ही गोष्ट. बरं, सरकारला जुन्याचं कौतुक नाही म्हणावं, तर तेही नाही. २०२१ साली विंटेज मोटारींचे खास नियम झाले. पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. फक्त एक अट. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, तांत्रिक संशोधनासाठी न्यावी, दुरुस्तीला आणि इंधन भरायला न्यावी.

म्हणजे तिला पेट्रोल भरायला जाता येतं, पण भाजी आणायला जाता येत नाही.

आमची पद्मिनी २०२८ साली पन्नाशी पुरी करील. तोपर्यंत ती दंड भरण्याइतकी म्हातारी आहे आणि मान मिळण्याइतकी म्हातारी नाही. पन्नाशीनंतर तिला शाल-श्रीफळ मिळू शकेल, पण ते घेऊन घरातच बसावं लागेल. भंगार किंवा शोभा, यांच्या मधली जागाच नाही. आपल्या समाजाने म्हाताऱ्या माणसांसाठी जी योजना आखली आहे तीच मोटारींना लावली, याबद्दल मात्र सरकारला सुसंगतीचे गुण द्यायला हवेत.

शोभेच्या बाजूला कोण आहेत तेही पाहून घ्या. मोठ्या शहरांत जुन्या गाड्यांचे मेळे भरतात. काही खरे रसिक असतात, स्वतःच्या नखांत ग्रीस असलेले. त्यांना माझा नमस्कार. पण बरेच जण गाडी तयारच विकत घेतात, वर्षभर झाकून ठेवतात आणि मेळ्याला ट्रकवर घालून नेतात. तिच्या सीटवर बसू देत नाहीत, दाराला हात लावू देत नाहीत. अशा गाडीला मी मोटार म्हणत नाही, मी तिला चांदीचं ताट म्हणतो. मोटार उभी राहिली की मरते. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, ब्रेक धरून बसतात, रबरं वाळतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आमच्या मिस्त्रींनी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या आणि बजावलं, "सर, टाकीत तेल महिने महिने ठेवू नका. चालवत राहा. चालत्या गाडीले काही होत नाही." उसाचा अर्क पोटात ठेवून महिनोन्‌महिने बसणाऱ्याचं काय होतं ते आपण माणसांतही पाहतोच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे बंद झाली. तेव्हा काय हळहळ झाली! आमच्या जावयांनीसुद्धा फोनवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र पाठवलं आणि खाली डोळ्यांत पाणी आलेला एक गोल चेहरा. मी उत्तर पाठवलं, "अंगणात एक जिवंत आहे. रविवारी या, पॉलिश पेपर देतो." त्यावर हाताचा अंगठा आला. जावई आले नाहीत. वस्तू गेल्यावर तिच्या आठवणीत रडणं फुकट असतं. असताना तिला सांभाळणं परवडत नाही.

आणि मिस्त्री? मिस्त्रींचा मुलगा शहरात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला आहे. पगार बरा, कपडे स्वच्छ. मी विचारलं, "पोरगा शिकतोय ना तुमचं काम?"

"कुठलं सर! तो गाडी नाही पाहत, टीव्ही पाहते. गाडीले वायर लावते आन टीव्ही पाहत बसते. टीव्ही म्हनते हा पार्ट बदला, का तो बदलते. झालं."

"आणि हा पत्रा? ही गोलाई?"

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि तळहाताकडे पाहिलं. "हे काय पोरगं घेत नाही आता. कोन्या गाडीवर शिकीन तो?"

तुम्ही मला खर्चाचा हिशेब विचारता ना? हा त्यातला मोठा आकडा आहे आणि तो कोणाच्याच फोनमध्ये येत नाही. एक पद्मिनी भंगारात गेली की नऊशे किलो लोखंड वितळून पुन्हा मिळतं. त्या लोखंडाचं मला काही नाही, ते परत येईल. पण ज्या गाड्यांवर हात शिकतो त्या गाड्याच संपल्या की हात संपतो, आणि तो कुठल्या भट्टीत घालून परत मिळत नाही. उद्या आपल्या घरातली सातही यंत्रं एकदम बंद पडली तर आपण सातही फेकून नवी आणू. नवी येईनाशी झाली तर काय करणार, हे सांगणारा माणूस मेहकरच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये एकटा बसला आहे आणि त्याच्याकडे शिकायला कोणी नाही. कोणी नाही म्हणजे एक निवृत्त शिक्षक आहे, पण त्याचं वय पाहता शिष्य गुरूच्या आधी जायचा.

आमच्या गावात विवेकानंद जयंतीला मोठा महाप्रसाद असतो. लाखावर माणूस पंगतीला बसतं आणि वाढायला ट्रॅक्टर येतात. होय, ट्रॅक्टर. पंगतीच एवढ्या लांब की माणसाने पातेलं घेऊन चालायचं म्हटलं तर शेवटच्या पानापर्यंत पुढचं वर्ष उजाडेल. त्या ट्रॅक्टरांत नवे असतात, जुने असतात, रंग गेलेले असतात, एकाचं मडगार्ड तारेने बांधलेलं असतं. मी आजवर एकाही जेवणाऱ्याला "हा कुठल्या सालचा?" असं विचारताना ऐकलेलं नाही. पुरी पानात पडते की नाही एवढंच लोक पाहतात. यंत्राला लावायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही, आणि ती आमच्या गावाला कोणा अधिकाऱ्याने शिकवलेली नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. खामगाव-जालना रेल्वेच्या शेजारी हीसुद्धा नोंदवून ठेवावी, म्हणजे नातवंडांना उपयोगी पडेल. भंगार आणि शोभा यांच्या मध्ये तिसरा एक रकाना करा. त्याचं नाव ठेवा 'चालती'. जी जुनी गाडी ब्रेकच्या, धुराच्या आणि पत्र्याच्या तपासणीत उतरेल ती चालती. मग ती वीस वर्षांची असो नाहीतर साठ. वर्षाला ठरावीक किलोमीटरांची मर्यादा घालायची तर घाला, मी मीटर दाखवायला तयार आहे. माझ्या गाडीचा मीटर सध्या बंद आहे, पण तोही दुरुस्त करू. आणि तिला भाजी आणायला जाऊ द्या.

वाचकांकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही अंगणात, गोठ्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात काहीतरी गंजत उभं असेल. वडिलांची स्कूटर असेल, आजोबांची सायकल असेल, जीप असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एका रविवारी तिचं झाकण उघडून पाहा आणि जवळच्या मिस्त्रीला बोलावून त्याच्या शेजारी बसा. बसा म्हणजे नुसते खुर्ची टाकून नव्हे, पान्याला हात लावा. काम तुम्हांला येणार नाही. निदान ते कोणाला येतं आणि किती कष्टाने येतं, एवढं तरी कळेल.

आणि कोणी कुंपणापाशी येऊन विचारलंच, "परवडतं का हो?", तर खुशाल सांगा, "नाही परवडत." शाळेत गीता पाठ केली ती परवडली नाही, मुलीला गाणं शिकवलं ते परवडलं नाही, आईचा पितळी डबा कल्हई करून ठेवला तो तर मुळीच परवडला नाही. माणसाच्या घरात जी चार बऱ्या गोष्टी उरतात त्या अशा न परवडणाऱ्यांतल्याच असतात. एवढं सांगून त्याच्या हातात पॉलिश पेपरचा एक तुकडा द्या. आमचा अनुभव असा आहे की दहांतले नऊ जण तो ठेवून निघून जातात. दहावा बसतो, आणि मिस्त्रींना तेवढाच हवा असतो.